संधिवात नेमका कशामुळे होतो? आणि यात दोष कुणाचा?

निळाई

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ३८ व्या वर्षी मला आमवाताचं, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, निदान झालं. त्याआधीचे चार महिने सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले, दोन्ही हातांचे सारखेच. दुपारपर्यंत हात जरा मोकळे व्हायचे, त्यामुळे "काही नाही, थकवा आहे" असं मीच स्वतःला समजावत राहिले.

निदान झाल्यावर दुखण्यापेक्षा एका गोष्टीचा त्रास जास्त झाला. भेटणारा प्रत्येक माणूस कारण सांगत होता. गार पाण्यात हात घालतेस म्हणून. दिवसभर टाइप करतेस म्हणून. व्यायाम नाही म्हणून. फार विचार करतेस म्हणून. सगळ्यांचा सूर एकच, की हे तू ओढवून घेतलंस. एक वेळ अशी आली की मलाही ते पटायला लागलं.

मग मी वाचायला लागले, डॉक्टरांना प्रश्न विचारायला लागले. आज हा धागा काढतेय, कारण त्या वेळी मला असं काही एका जागी वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे 'संधिवात' हा एक आजार नाही. सांध्यांना सूज किंवा इजा करणारे शंभरहून जास्त आजार या एकाच शब्दात कोंबलेले आहेत. गुडघ्यांची झीज, माझा आमवात, युरिक ॲसिडमुळे होणारा गाउट, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, पाठीचा कणा आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, जंतुसंसर्गामुळे सांध्यात होणारा पू. यांची कारणं एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे "संधिवात कशामुळे होतो?" या प्रश्नाआधी "कुठला?" हे विचारलंच पाहिजे. नावात 'वात' असल्यामुळे सगळे एकाच मुळाचे वाटतात, आणि तिथूनच सल्ल्यांचा घोळ सुरू होतो.

आता माझ्या आजाराबद्दल. आमवातात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हे अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड पोखरतं. स्त्रियांमध्ये हा पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट जास्त आढळतो. जनुकांचा वाटा आहे, पण जनुकं म्हणजे नशिबाचा शिक्का नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे. सगळी जनुकं तीच असूनही बहुतेक वेळा दुसरं भावंड सुटतं.

बाहेरच्या कारणांमध्ये सगळ्यात ठाम पुरावा धूम्रपानाचा आहे. धुरामुळे फुप्फुसांतल्या काही प्रथिनांची रचना बदलते. ज्यांची जनुकीय घडण तशी आहे त्यांच्या शरीराला ही बदललेली प्रथिनं परकी वाटू लागतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होतात. अँटी-सीसीपी ही रक्ताची चाचणी याच प्रतिपिंडांची. मला हलवून टाकणारी माहिती अशी की ही प्रतिपिंडं पहिली सूज येण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून, काही जणांत १० वर्षांहूनही आधी, रक्तात सापडतात. म्हणजे ज्या हिवाळ्यात मी गार पाण्यात हात घातले त्या हिवाळ्याचा आजाराच्या सुरुवातीशी काहीही संबंध नव्हता. थंडीत दुखणं जास्त जाणवतं हे खरं. पण दुखणं जास्त जाणवणं आणि आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिरड्यांचा जुना आजार आणि सिलिकाची धूळ यांचाही संबंध दिसलेला आहे. दगडफोडीत किंवा खाणीत काम करणाऱ्यांना धोका वाढतो. मी कधी सिगारेट ओढली नाही, खाणीत गेले नाही. माझ्या मावशीला आमवात होता, एवढंच माझ्याकडे आहे. मलाच का, याचं पूर्ण उत्तर माझे डॉक्टरही देऊ शकत नाहीत, आणि त्यांनी ते सरळ सांगितलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तुमचे अनुभव लिहा. कुठला संधिवात आहे, तेही लिहा.

---

पायवाट

निळाई, मनापासून लिहिलंय. माझा साधा आहे, गुडघ्यांची झीज, तीही फक्त उजव्या गुडघ्याची. वय ५६. डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार आहे. मी त्यांना म्हटलं, डावा गुडघाही त्याच वयाचा आहे की! मग त्यांनी खोदून विचारलं तेव्हा २४ व्या वर्षी फुटबॉल खेळताना गुडघा पिरगळला होता ते आठवलं. लिगामेंट तुटलं होतं. सहा आठवड्यांत चालायला लागलो आणि विसरूनही गेलो. त्या जुन्या दुखापतीमुळे तीस वर्षांनी असं होऊ शकतं का?

---

सांधेमित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायवाट, हो, होऊ शकतं, आणि हे आमच्याकडे नेहमी दिसतं. पुढचं क्रुशिएट लिगामेंट किंवा गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांमध्ये १० ते २० वर्षांत त्या गुडघ्याच्या झिजेची चिन्हं दिसतात. दुखापतीच्या क्षणी कूर्चेला मार बसतोच. पुढे सांधा किंचित सैल राहतो आणि भार चुकीच्या जागी पडत राहतो. म्हणूनच तरुण वयात एका बाजूचा गुडघा दुखावला तर त्याची नीट तपासणी आणि मांडीच्या स्नायूंची पुरेशी बांधणी झाल्याशिवाय मैदानावर परत जाऊ नये असं आम्ही जीव तोडून सांगतो.

'झीज' या शब्दाबद्दल मला बरंच बोलायचं आहे. या शब्दामुळे लोक सांध्याला गाडीचं टायर समजतात. जितकं वापराल तितकं घासलं जाईल, म्हणून वापरू नका. मी रोज अशी माणसं पाहतो जी गुडघा वाचवण्यासाठी चालणं सोडतात आणि दोन वर्षांत आणखी लंगडी होतात. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला खाऊपिऊ घालतो तो सांध्यातला द्रव, आणि तो आत शिरतो दाब पडून सुटल्यावर, स्पंज पिळून सोडल्यासारखा. हालचाल थांबली की कूर्चेची उपासमार सुरू होते. शिवाय झीज म्हणजे नुसतं घासणं नाहीच. कूर्चेतल्या पेशी, खालचं हाड, सांध्याचं अस्तर सगळेच त्यात सामील असतात, आणि मंद स्वरूपाची सूजही असते. शरीर दुरुस्तीचा प्रयत्न करत असतं, तो फसत जातो. 'वंगण संपलं' हे वाक्य तर माझ्या टेबलावर रोज येतं. वंगण संपत नाही. उलट दुखणाऱ्या गुडघ्यात पुष्कळदा जास्तीचं पाणी भरलेलं असतं.

मग खरोखर धोका कशाने वाढतो? वय, जुनी दुखापत, वजन, पायांची ठेवण (गुडघे बाहेर किंवा आत वाकलेले असणं), कमकुवत स्नायू, आणि वर्षानुवर्षं गुडघ्यांवर टेकून, उकिडवं बसून किंवा जड ओझी उचलून केलेलं काम. फरशा बसवणारे, बांधकामावरचे, शेतात वाकून राबणारे लोक. त्यांना "काळजी घ्या" म्हणणं सोपं आहे, पण काम बदलणं त्यांच्या हातात असतंच असं नाही. गुडघ्याखाली जाड पॅड, मध्ये मध्ये बैठक बदलणं, ओझ्याला चाकं लावणं ही सोय काम देणाऱ्याने करायची असते.

---

कुतूहल

दोन प्रश्न विचारतो. मी रोज पळतो, तेव्हा "गुडघे खराब होतील" हे ऐकून कान किटले. आणि बोटं मोडायची सवय आहे. दोन्हीने संधिवात होतो का?

---

सांधेमित्र

पळण्याबद्दल: २०१७ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली होती. आवड म्हणून पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के, अजिबात न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळलं. यावरून पळणं हे औषध आहे असं मी म्हणणार नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात बरे तेच पळत राहतात हेही खरं. पण निरोगी गुडघ्याला बेताच्या पळण्याने झीज होते, ही भीती मनातून काढून टाका. जुनी दुखापत असेल तर मात्र आधी दाखवून घ्या.

बोटं मोडताना येणारा आवाज सांध्याच्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो, हाडं घासण्याचा नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी पन्नासेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला, आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापला. दोन्ही हातांत संधिवात नव्हता. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण इतर पाहण्यांतही बोटं मोडणं आणि संधिवात यांचा संबंध सापडलेला नाही.

---

चांदणवेल

माझ्या बोटांच्या टोकाजवळच्या सांध्यांवर टणक गाठी आल्या आहेत. पाळी गेल्यानंतर दोन वर्षांत सुरू झालं. आईचे हात अगदी असेच होते, आजीचेही. लहानपणी आजीच्या बोटांवरून हात फिरवायचे ते आठवतं. आता माझी मुलगी माझा हात हातात घेऊन बघत बसते तेव्हा पोटात कालवतं.

डॉक्टरांनी सांगितलं की याला हेबर्डेनच्या गाठी म्हणतात, ही हातांची झीज आहे आणि ती घराण्यात चालते. म्हणजे मुलीलाही होणार का?

---

निळाई

चांदणवेलताई, होईलच असं नाही. जुळ्या बहिणींच्या अभ्यासात हात आणि गुडघ्यांच्या झिजेमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ६५ टक्के निघाला होता. मोठा आहे, पण पूर्ण नाही. आणि एक जनुक नव्हे, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, त्यामुळे आईकडून मुलीकडे जसाच्या तसा उतरत नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत झीज वाढते हे पक्कं आहे, पण इस्ट्रोजेन कमी होणं हेच एकमेव कारण आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही.

सांधेमित्रने वजनाचा नुसता उल्लेख केला, तिथे एक भर घालते. लठ्ठपणात हातांच्या सांध्यांची झीजही वाढलेली दिसते. हातांवर तर आपण चालत नाही! म्हणजे प्रश्न फक्त ओझ्याचा नाही. चरबीच्या पेशी सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडतात, ती सगळ्या सांध्यांपर्यंत पोचतात. हे मला कळलं तेव्हा 'जाड आहेस म्हणून गुडघे दुखतात' या वाक्यातला कोरडेपणा आणखी टोचला. वजनामागेही जनुकं, औषधं, झोप, थायरॉइड, हलाखी असं बरंच काही असतं.

---

रातवा

माझा गाउट. रात्री दोन वाजता पायाच्या अंगठ्यात असा ठणका उठला की चादरीचा स्पर्शही सहन होईना. लाल, गरम, सुजलेला. पहिला प्रश्न काय आला असेल? "किती पिता?" मी दारूला हात लावत नाही. घरातलेही संशयाने बघायला लागले.

दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी नीट समजावलं. रक्तात युरिक ॲसिड ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं की त्याचे सुईसारखे स्फटिक जमू शकतात. ते सांध्यात जमले आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडलं की हा झटका येतो. आणि बहुतेकांच्या बाबतीत युरिक ॲसिड वाढतं ते जास्त तयार झाल्यामुळे नाही, तर मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत म्हणून. त्यामागे जनुकं असतात. माझ्या बाबतीत भरीला रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी होती. तीही युरिक ॲसिड वाढवते. (गोळी स्वतःहून बंद करू नका. माझी डॉक्टरांनीच बदलली.)

दारू, विशेषतः बिअर, तांबडं मांस, काही प्रकारचे मासे, साखर घातलेली पेयं यांनी धोका वाढतो, झटकाही येऊ शकतो, हे खरंच आहे. पण २०१८ मध्ये हजारो लोकांच्या माहितीवरून काढलेला हिशोब असा की माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकात आहाराच्या पद्धतीचा वाटा एक टक्क्याहून कमी आणि जनुकांचा जवळपास २४ टक्के. ते वाचून मी खरंच रडलो.

आणखी एक. पहिल्या झटक्यात माझं युरिक ॲसिड नॉर्मल आलं होतं आणि "गाउट नाही" म्हणून मला परत पाठवलं होतं. झटक्याच्या वेळी ते नॉर्मल येऊ शकतं. उलट वाढलेलं युरिक ॲसिड असणाऱ्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही.

---

उंबरठा

सगळं वाचतोय. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सगळं जनुकांवर ढकललं तर माणूस हातपाय गाळून बसेल. माझे वडील दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढतात आणि म्हणतात, नशिबात असेल ते होईल. त्यांना हा धागा दाखवला तर ते खूशच होतील.

---

निळाई

उंबरठा, राग नाही, हा प्रश्न यायलाच हवा होता. आणि वडिलांना दाखवायचंच असेल तर हे दाखवा.

स्वीडनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अँटी-सीसीपी असलेल्या आमवाताचा धोका मोजला होता. ज्यांच्याकडे धोक्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती होत्या आणि जे धूम्रपानही करत होते त्यांचा धोका, जनुक नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत २१ पट निघाला. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो उसळतो. म्हणजे घरात आमवात आहे हे माहीत असलेल्या माणसाने सिगारेट सोडण्याला इतरांपेक्षा जास्त अर्थ आहे, कमी नाही. सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो, त्याला बरीच वर्षं लागतात, म्हणून लवकर सोडलेली बरी.

---

सांधेमित्र

गुडघ्यांच्या बाबतीतही तसंच. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं लोकांच्या प्रकृतीचा पाठपुरावा केला गेला. तिथे १९९२ साली दिसलं की ज्या स्त्रियांचं वजन दहा वर्षांत साधारण ५ किलोने उतरलं त्यांचा गुडघ्याच्या त्रासदायक झिजेचा धोका निम्म्याहून जास्त घटला. आणि झीज आधीच असलेल्या वजनदार लोकांत एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने हलका होतो, असं २००५ मध्ये मोजलं गेलं. दिवसाची पावलं मोजा म्हणजे अंदाज येईल.

---

पहाटवारा

वय २६. वर्षभर कंबर दुखतेय. विश्रांतीने वाढते, हालचालीने कमी होते, पहाटे चारला जाग येते. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलंय. नेटवर वाचून झोप उडाली आहे. कणा जुळून जाणार का माझा?

---

सांधेमित्र

पहाटवारा, हे जनुक आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस यांचा संबंध १९७३ मध्ये लक्षात आला. त्या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत ते सापडतं, पण उलट बाजू कुणी सांगत नाही. हे जनुक बाळगणाऱ्या बहुतेक माणसांना तो आजार आयुष्यभर होत नाही. म्हणून नुसता रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे.

पण तुम्ही लिहिलेली लक्षणं मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. विश्रांतीने वाढणारी, पहाटे उठवणारी, चाळिशीच्या आत सुरू झालेली पाठदुखी ही सूज असलेली पाठदुखी असू शकते. संधिवाततज्ज्ञांकडे जा. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. निदान झालं तरी आज चांगली औषधं आहेत, आणि सगळ्यांचा कणा जुळत नाही.

---

रानफूल

चिकुनगुन्या होऊन आठ महिने झाले. ताप पाच दिवसांत गेला, घोटे आणि मनगटं अजून धरतात. हा संधिवातच का?

---

निळाई

हो, विषाणूमुळे आलेला. हा विषाणू पहिल्यांदा १९५२ च्या साथीत, आजच्या टांझानियात ओळखला गेला, आणि तिथल्या माकोंडे भाषेतल्या या नावाचा अर्थच मुळी सांधेदुखीने वाकवून टाकणारा असा आहे. काहींना महिनोन् महिने, क्वचित वर्षंही त्रास राहतो. आधीपासून सांध्यांचा त्रास असेल किंवा वय जास्त असेल तर रेंगाळण्याची शक्यता वाढते. पण आठ महिने ही लांबण आहे, सूज दिसत असेल तर एकदा आमवाताच्या चाचण्या करून घ्या. तापाच्या नावाखाली दुसरं काही लपायला नको.

---

ओंजळ

खूप वेळ लिहू की नको करत होते. माझ्या मुलीला, पावणेचार वर्षांची आहे, जुव्हेनाइल आर्थ्रायटिस आहे. एक गुडघा सुजला, सकाळी लंगडायची, आम्हाला वाटलं पडली असेल. दोन महिने गेले. एकजण म्हणाली, गरोदरपणात तू नीट खाल्लं नाहीस. दुसरीने लसींना दोष दिला. मी रोज रात्री तेच तेच दिवस आठवत बसते. कुठे चुकलं माझं?

---

निळाई

ओंजळ, कुठेच नाही. १६ वर्षांच्या आत सुरू होणारा, सहा आठवड्यांहून जास्त टिकणारा आणि दुसरं कारण न सापडणारा संधिवात अशीच या आजाराची व्याख्या आहे. काही जनुकांमुळे कल वाढतो आणि कशाने तरी संरक्षण यंत्रणा भरकटते, इतकंच आज माहीत आहे. गरोदरपणातल्या खाण्याने तो होतो असं काहीही सिद्ध झालेलं नाही. लसींमुळे हा आजार होतो असाही पुरावा नाही. उलट उपचार चालू असताना कुठली लस कधी घ्यायची हे डॉक्टरांकडून ठरवून घेणं महत्त्वाचं असतं. आणि एवढी लहान मुलं "दुखतंय" असं म्हणतही नाहीत, नुसती लंगडतात किंवा उचलून घ्या म्हणतात. दोन महिने तुमच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही.

एक विचारते. तिच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का?

---

ओंजळ

डोळ्यांची? नाही. डोळे लाल नाहीत तिचे, दिसतंही नीट.

---

निळाई

करून घ्या, लवकर. मोजके सांधे धरणाऱ्या प्रकारात, विशेषतः लहान मुलींमध्ये आणि एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ताची चाचणी) पॉझिटिव्ह असेल तर, डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि वेळेत कळलं नाही तर दृष्टीला इजा होते. नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघावं लागतं, साध्या तपासणीत दिसत नाही. एकदा नाही, ठरावीक अंतराने, बहुतेकदा दर तीन महिन्यांनी. किती दिवसांनी ते तिचे डॉक्टर सांगतील.

---

ओंजळ

तिच्या फाइलमध्ये एएनए पॉझिटिव्ह लिहिलेलं आहे, आत्ता उघडून पाहिलं. सकाळी उठल्या उठल्या फोन करते. कळवते इथे.